कायदा म्हणजे नेमकं काय? विधिशास्त्राबद्दल नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात वकिली करते आणि संध्याकाळी कायद्याच्या विद्यार्थ्यांना विधिशास्त्र शिकवते. पुढचे प्रश्न वर्गात येतात, कोर्टाच्या व्हरांड्यात अशील विचारतात, कधी शेजारीपाजारीही विचारतात. विद्यार्थ्यांना हा विषय परीक्षेपुरता वाटतो आणि अशिलांना त्याचं नावही ठाऊक नसतं. पण मूळ प्रश्न दोघांचा एकच असतो: मला ज्याच्यापुढे मान तुकवायला लावतात, त्याला माझ्यावर हा अधिकार कुठून आला?

विधिशास्त्र आणि कायद्याचे बाकीचे विषय यांत फरक काय?

फौजदारी कायदा शिकताना आपण चोरी कशाला म्हणतात, तिला शिक्षा किती, हे पाहतो. विधिशास्त्र त्याच्या एक पायरी मागे जातं. ते कलम बंधनकारक का आहे, कुणी ठरवलं, आणि उद्या ते बदललं तर नक्की काय बदललं, हे विचारतं.

ताजं उदाहरण घ्या. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. ३० जूनच्या रात्री इतवारीत एखादं दुकान फोडलं तर खटला जुन्या संहितेखाली चालतो आणि मध्यरात्र उलटल्यावर फोडलं तर नव्या. चोर तोच, कुलूप तेच, पापही तेवढंच. तरी कायदा वेगळा. म्हणजे कायद्याचं अस्तित्व कृत्याच्या बरेवाईटपणावर अवलंबून नाही, दुसऱ्याच कशावर तरी आहे. ते ‘दुसरं काहीतरी’ शोधणं हे या विषयाचं अर्धं काम.

कायदा म्हणजे सरकारचा हुकूमच ना? ऐकला नाही तर दंड, एवढंच?

इंग्लंडमध्ये जॉन ऑस्टिनने १८३२ साली जवळपास हेच मांडलं. सार्वभौम सत्ता आज्ञा देते, आज्ञेमागे शिक्षेची धमकी असते, आणि लोकांना ती सत्ता मानायची सवय असते. ऐकायला पटतं, कारण ई-चालान आलं की आपल्याला कायदा तसाच दिसतो.

पण हा हिशेब फार लवकर तुटतो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याचं मृत्युपत्र कुणी एकाच साक्षीदाराच्या सहीवर केलं, समजा. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. पोलीस येत नाहीत, दंड होत नाही. मृत्युपत्र फक्त लागू होत नाही. इथे आज्ञा कुठे आहे? कायदा इथे आजोबांना एक अधिकार देतोय आणि तो कसा वापरायचा ते सांगतोय. लग्न, करार, खरेदीखत, सोसायटीची नोंदणी, सगळं या जातीचं. शिवाय ज्या आमदाराने विधेयकाच्या बाजूने हात वर केला, त्याची गाडी सिग्नल तोडून गेली तर चालान त्यालाही लागतं. हुकूम देणारा स्वतःच्याच हुकमाने बांधला जातो, हे ऑस्टिनच्या चौकटीत नीट बसत नाही.

इंग्रज विधितज्ज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ च्या ग्रंथात हीच उणीव धरली. बंदूक रोखून पैसे मागणाऱ्याला आपण पैसे देतो, पण ते देणं आपलं कर्तव्य होतं असं नंतर म्हणत नाही. कायद्याबाबत आपण ‘कर्तव्य’ हा शब्द वापरतो आणि तो मनापासून वापरतो. शिक्षेची भीती हे त्याचं पूर्ण स्पष्टीकरण होऊ शकत नाही. मला हार्ट यांचा हा मुद्दा आजही निर्विवाद वाटतो.

मग एखादी गोष्ट कायदा आहे हे ओळखायचं कसं? शासन निर्णय, परिपत्रक, अध्यादेश, सगळे कायदेच का?

हार्ट यांचं उत्तर असं की प्रत्येक प्रगत व्यवस्थेत नियम ओळखण्याचा एक वरचा नियम असतो. न्यायाधीश, अधिकारी, वकील तो मानून चालतात. भारतात तो साधारण असा: संविधानाने ज्याला अधिकार दिला, त्याने ठरलेल्या पद्धतीने केलेला आणि संविधानाशी विसंगत नसलेला नियम म्हणजे कायदा.

याचा प्रवास नागपूरकरांना घराजवळ पाहायला मिळालेला आहे. जादूटोणाविरोधी विधेयक बरीच वर्षं रखडलं होतं. तोपर्यंत त्याचे मसुदे होते, त्यावर मोर्चे आणि लेख होते, पण कायदा नव्हता. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच महिन्यात राज्यपालांच्या सहीने अध्यादेश निघाला. अध्यादेश हा कायदाच, पण मुदतीचा. अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत विधिमंडळाने उचलून धरला नाही तर तो संपतो. डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं. मजकुरामागची तळमळ आधीही तेवढीच होती. तिला कायद्याचं बळ आलं ते या पायऱ्यांमुळे.

शासन निर्णय, म्हणजे जीआर, हा सरकारचा प्रशासकीय आदेश असतो. कायद्यात जिथे मोकळी जागा आहे तिथे तो चालतो, पण कायद्याच्या विरुद्ध गेला तर टिकत नाही. कार्यालयातल्या परिपत्रकाची पत आणखी खालची. अर्ज नाकारताना खिडकीवरचा माणूस ‘वरून परिपत्रक आहे’ म्हणाला, तर परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख मागा, आणि ते कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढलं हे लेखी विचारा. विधिशास्त्राचा इतका थेट उपयोग दुसरा नाही.

आणखी एक अट आहे, ती म्हणजे प्रसिद्धी. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळाने अफूविषयीचा कायदा ठराव करून मंजूर केला, पण तो कुठे प्रसिद्धच झाला नाही. त्याखाली शिक्षा झालेल्या माणसाचं अपील १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात आलं. लोकांना कळूच न दिलेल्या कायद्याने त्यांना शिक्षा करणं नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असं सांगून न्यायालयाने त्याला सोडलं. अमेरिकन विचारवंत लॉन फुलर यांनी १९६४ मध्ये कायद्याच्या ज्या आठ अटी सांगितल्या, त्यांतली एक हीच. नियम सर्वसाधारण हवेत, जाहीर हवेत, पुढच्या काळासाठी हवेत, कळण्यासारखे हवेत, एकमेकांना छेद देणारे नकोत, अशक्य ते मागणारे नकोत, रोज बदलणारे नकोत, आणि लिहिलं तसंच अधिकाऱ्यांनी वागायला हवं. शेवटची अट सगळ्यांत अवघड. आपल्याकडे कायद्यावरचा विश्वास बहुतेक वेळा तिथेच उडतो.

सगळ्या कायद्यांना अधिकार संविधान देतं. मग संविधानाला अधिकार कुणी दिला?

ऑस्ट्रियन विधितज्ज्ञ हान्स केल्सन यांनी याचा माग काढला. चालानला आधार मोटार वाहन कायद्याचा, त्या कायद्याला आधार संविधानाचा, आणि संविधानाच्या मागे? तिथे आणखी एक कागद सापडत नाही. तिथे फक्त एक गृहीतक असतं, की हे संविधान पाळायचं आहे. त्याला त्यांनी मूलभूत गृहीत नियम म्हटलं.

आपल्या संविधानकर्त्यांनी या टोकाला एक धाडसी पाऊल टाकलं. भारताचं स्वातंत्र्य ब्रिटिश संसदेच्या १९४७ च्या कायद्याने आलं, आणि कलम ३९५ ने संविधानाने तो कायदाच रद्द केला. ज्या शिडीवरून चढलो ती काढून घेतली. आता संविधानाची मुळं लंडनमध्ये शोधता येत नाहीत. ‘आम्ही भारताचे लोक’ इथेच थांबावं लागतं.

केल्सन यांच्या सिद्धांतातला धोका पाकिस्तानात दिसला. १९५८ च्या लष्करी कायद्यानंतर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने केल्सन यांचा आधार घेऊन म्हटलं की यशस्वी क्रांती स्वतःच नवा मूलभूत नियम घडवते. १९७२ साली त्याच न्यायालयाला हे मत मागे घ्यावं लागलं. सत्ता हातात आली म्हणजे कायदाही हातात आला, हे एकदा मान्य केलं की न्यायालयाला करण्यासारखं काही उरत नाही.

भारतातला वाद वेगळ्या वाटेने गेला: संसद संविधान कितीही बदलू शकते का? १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच मतांनी न्यायालयाने मूलभूत हक्कांना हात लावू दिला नाही. त्या सहांमध्ये न्या. एम. हिदायतुल्ला होते, नागपूरच्या विधि महाविद्यालयात त्यांनी शिकवलं होतं आणि १९५४ ते १९५६ ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पुढे २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा असा निकाल दिला: दुरुस्ती करा, पण संविधानाचा मूळ ढाचा मोडू नका. हा ढाचा संविधानात कुठेही यादी करून दिलेला नाही. तरी आज तो आपल्याकडे कायदा आहे, कारण न्यायालयं आणि सरकारं तो धरून चालतात.

अन्यायी कायदा हा कायदा असतो का?

या विषयाचं काळीज हेच आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

दोन मोठी उत्तरं आहेत. नैसर्गिक कायद्याची परंपरा म्हणते की कायद्याच्या वर एक नीती आहे आणि तिला पायदळी तुडवणारा नियम नावाचाच कायदा. पॉझिटिव्हिस्ट, म्हणजे ऑस्टिन, केल्सन, हार्ट, म्हणतात की ‘हा कायदा आहे का’ आणि ‘हा कायदा योग्य आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पॉझिटिव्हिस्टांना नीतीची पर्वा नसते असा समज विद्यार्थी घेऊन येतात. तो चुकीचा आहे. हार्ट यांचं म्हणणं असं की दोन प्रश्न वेगळे ठेवले तरच माणूस स्पष्टपणे म्हणू शकतो: हा कायदा आहे, आणि तो इतका दुष्ट आहे की मी तो पाळणार नाही.

जर्मनीत गुस्ताव राडब्रुख यांनी नाझी राजवटीनंतर, १९४६ साली मधली वाट सुचवली. कायदा थोडाफार अन्यायी असला तरी स्थैर्यासाठी तो मानावा. पण अन्याय असह्य पातळीला गेला तर तो कायदा म्हणून मानूच नये.

आता आपल्या घरची गोष्ट. आणीबाणीत, जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने समता, जीवित आणि स्वातंत्र्य या हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, हजारो लोक तुरुंगात होते. प्रश्न असा आला की अटक कायद्याला सोडून झाली असेल, दुष्ट हेतूने झाली असेल, तरी न्यायालयाने तिच्याकडे पाहायचंच नाही का? देशातल्या काही उच्च न्यायालयांनी सांगितलं की निदान तेवढं तरी आम्ही पाहू. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ त्यांत होतं. सिव्हिल लाइन्समधल्या त्या दगडी इमारतीसमोरून जाताना मी हे माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणीत न्या. एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादींना विचारलं की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर काही उपाय आहे का? उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. तो एक म्हणजे न्या. खन्ना. कलम २१ हे जीविताच्या हक्काचं एकमेव घर नाही, ते कलम लिहिलं नसतं तरी कायद्याच्या आधाराविना कुणाचा जीव घेण्याचा अधिकार राज्याला मिळाला नसता, असं त्यांनी लिहिलं. पुढे ज्येष्ठता डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

या निकालातून मी शिकले ते असं. बहुमताच्या चार न्यायाधीशांनी शब्द वाचले; खन्नांनीही शब्दच वाचले. फरक पडला तो कायद्याचं राज्य म्हणजे काय, या आधीच्या समजुतीत. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला माणूस विधिशास्त्र शिको वा न शिको, त्याच्या मनात कायद्याचा एक सिद्धांत असतोच, आणि बिकट वेळी तोच निकाल लिहितो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत अशी तजवीज केली. २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा निकाल रद्दबातल ठरवला. ते लिहिणाऱ्यांत न्या. धनंजय चंद्रचूड होते. १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड होते.

मग अन्यायी कायदा मोडावा का?

१९२३ साली तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे मिरवणूक नेण्यास नागपुरात मनाई होती. लोक ती मोडत गेले आणि अटक होत गेले. तो झेंडा सत्याग्रह. सविनय कायदेभंग करणारा लपत नाही, शिक्षा चुकवत नाही. एक नियम मोडताना तो कायद्याच्या कल्पनेचा मान राखतो.

डॉ. आंबेडकरांनी स्वतः महाडचा सत्याग्रह केला होता. तरी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी सांगितलं की सनदशीर मार्ग उपलब्ध झाल्यावर कायदेभंगाचे मार्ग सोडले पाहिजेत. यात विसंगती नाही. मार्ग खुला आहे की बंद, यावर त्यांचा सगळा युक्तिवाद उभा आहे. आज प्रश्न पडतो तो असा की मार्ग कागदावर खुला असेल आणि तारखांवर तारखा पडून वीस वर्षं जात असतील, तर त्याला खुला म्हणायचं का? माझं उत्तर: खुला म्हणायचं, आणि तो खरोखर खुला राहावा यासाठी भांडायचं.

कायद्याचा शब्द पाहायचा की हेतू?

नियम शब्दांत लिहिलेला असतो आणि शब्दाच्या कडा धूसर असतात. संक्रांतीच्या दिवसांत ‘ओ काट’च्या आरोळ्यांबरोबर गळे कापल्याच्या बातम्याही येतात. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या किंवा कोणत्याही कृत्रिम धाग्याच्या, तसंच कृत्रिम पदार्थाचा लेप दिलेल्या, न कुजणाऱ्या मांजावर बंदी घातली. नायलॉनची चक्री हातात सापडली तर प्रश्नच नाही. पण सुती दोऱ्यावर काचेची भुकटी आणि बाजारातला गोंद चढवला असेल तर? गोंदात कृत्रिम घटक किती असला की ‘लेप’ ठरेल? हार्ट म्हणतात, शब्दाला एक पक्का गाभा असतो आणि भोवती संदिग्ध पट्टा. पट्ट्यात न्यायाधीशाला निवड करावी लागते. फुलर म्हणतात, गाभासुद्धा हेतू लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. मांजाच्या बाबतीत मला फुलर पटतात. माणसांचे आणि पक्ष्यांचे गळे वाचवायचे आहेत, हे विसरून तो आदेश वाचताच येणार नाही.

पण हेतू पाहणं सगळीकडे परवडतं असं नाही, आणि हे विदर्भाइतकं क्वचितच कुणी भोगलं असेल. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. तिच्यात विदर्भातला गोवारी समाज येतो का, हा प्रश्न. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच मागणीसाठी विधानभवनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव मेले. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. २०१८ साली नागपूर खंडपीठाने म्हटलं की गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली, म्हणून नोंद गोवारींनाच उद्देशून आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: यादी आहे तशी वाचायची, तिच्यात बदल करण्याचा अधिकार संसदेचा. यादीतल्या ‘हलबा’ नोंदीत हलबा-कोष्टी येतात का, या प्रश्नावर २००० साली घटनापीठाने हीच भूमिका घेतली होती.

यात एक बारकावा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. दोन्ही वेळा न्यायालयाने शब्द घट्ट धरला, पण त्याचा फटका हलका केला. २००० च्या खटल्यातला विद्यार्थी तोवर डॉक्टर झाला होता; त्याची पदवी काढून घेतली नाही. गोवारींच्या निकालातही मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या राखल्या. नियम काय आहे हे ठरवताना न्यायालय कठोर राहिलं आणि समोरच्या माणसाचं आता काय करायचं हे ठरवताना मवाळ. ही तफावत तर्काने पूर्णपणे जुळत नाही. मला मात्र ती बरोबर वाटते. ११४ मृत्यूंनंतरही प्रश्न न सोडवणं हे न्यायालयाचं नव्हे, संसदेचं आणि सरकारांचं अपयश आहे.

न्यायाधीश कायदा शोधतात की बनवतात?

न्यूयॉर्कमध्ये एका नातवाने मृत्युपत्राप्रमाणे मिळणारी इस्टेट हातची जाऊ नये म्हणून आजोबांना विष दिलं. मृत्युपत्र वैध होतं आणि खुनी वारसाला वगळणारं कलम नव्हतं. १८८९ साली न्यायालयाने तरीही त्याला इस्टेट दिली नाही, कारण स्वतःच्या दुष्कृत्याचा फायदा कुणालाही घेता येत नाही. अमेरिकन विचारवंत रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी यावरून दाखवलं की कायद्यात नियमांखेरीज तत्त्वंही असतात, आणि तीही न्यायाधीशाला बांधतात. आपल्याकडे हे तत्त्व हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ मध्ये लिहूनच ठेवलं आहे.

पण १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत तपशीलवार मार्गदर्शक सूचना घातल्या आणि संसदेचा कायदा येईपर्यंत त्या बंधनकारक केल्या. कायदा आला २०१३ मध्ये. सोळा वर्षं देशभरात जे चाललं, ते न्यायालयाने बनवलं होतं. याला ‘शोध’ म्हणणं मला अवघड जातं.

रूढी म्हणजे कायदा का?

काही अटींवर. रूढी प्राचीन, अखंड, वाजवी आणि निश्चित हवी. महाडच्या चवदार तळ्याचा खटला या अटींवरच निकाली निघाला. अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, असा सवर्णांचा दावा होता. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. रूढी तितकी प्राचीन असल्याचं सिद्ध झालं नाही. निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला, पण माणसाला पाणी नाकारणं मुळातच अन्याय्य आहे, या आधारावर नाही. समतेचं ते वाक्य कायद्यात यायला १९५० चं संविधान यावं लागलं.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा विदर्भात सर्वांना ठाऊक आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. त्याआधीही ग्रामसभा जंगलाचे नियम करत होती आणि लोक पाळत होते. सरकारी शिक्क्याआधी ते नियम कायदा नव्हते, असं म्हणणं मला खटकतं.

‘कायदा गरिबाले वेगळा अन् श्रीमंताले वेगळा’, यावर विधिशास्त्र काय म्हणतं?

अमेरिकन न्यायाधीश होम्स यांनी १८९७ मध्ये म्हटलं की कायदा म्हणजे न्यायालय प्रत्यक्षात काय करेल याचा अंदाज. पुस्तकातलं कलम आणि कोर्टातला अनुभव यांतली दरी त्यांच्या वारसदारांनी, म्हणजे वास्तववाद्यांनी, अभ्यासाचा विषय केली.

१९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या बलात्काराचा खटला पाहा. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवताना सांगितलं की धाकाने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून पुन्हा सोडलं. कलम तेच, पुरावा तोच. बदलत होती ती पोलीस ठाण्यात रात्री एकट्या मुलीची अवस्था काय असते याची न्यायाधीशांची कल्पना. १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या किंवा सत्ताधाऱ्यांच्या ताब्यातल्या स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरावं अशी तरतूद आली.

कायद्याने काही केलं नाही आणि लोकांनीच न्याय केला, तर?

२००४ मध्ये नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, कोर्टाच्या खोलीतच, जमावाने एका गुंडाला ठार केलं. कस्तुरबा नगरच्या बायकांनी त्याची दहशत वर्षानुवर्षं सोसली होती. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. वर्गात दर वर्षी यावर वाद होतो आणि निम्मा वर्ग म्हणतो, बरोबर केलं.

त्यांच्या रागाचं मूळ मला कळतं. कायद्याची व्यवस्था असायला ती प्रत्यक्षात बहुतांशी पाळली जावी लागते, हे हार्ट आणि केल्सन दोघेही आपापल्या परीने सांगतात. तक्रार ऐकूनच घेतली जात नसेल, तर त्या वस्तीपुरता कायदा नव्हताच. पण जमावासमोर आरोपपत्र नसतं, बचाव नसतो, अपील नसतं, आणि चूक झाली तर दुरुस्त करायला माणूस जिवंत नसतो. पुढच्या वेळी जमाव चुकीच्या दारात उभा राहिला, तर त्या दारातल्या माणसाला वाचवायला याच अटी लागतात.

हक्क म्हणजे नक्की काय?

होफेल्ड या अमेरिकन अभ्यासकाने एक साधी शिस्त लावून दिली: हक्क म्हटलं की समोर कुणाचं तरी कर्तव्य दाखवा. घरभाडं मिळण्याचा मालकाला हक्क, तर देण्याचं कर्तव्य भाडेकरूचं. रस्त्यावर फिरायची मला मुभा आहे, पण माझ्यासाठी गर्दी बाजूला करण्याचं कर्तव्य कुणावर नाही. एखाद्या योजनेच्या जाहिरातीत ‘तुमचा हक्क’ असं लिहिलं असेल, तर कोणत्या अधिकाऱ्याचं, किती दिवसांत काय करण्याचं कर्तव्य आहे ते शोधा.

आंतरराष्ट्रीय कायदा हा खरा कायदा आहे का?

ऑस्टिन नाही म्हणाले, कारण सार्वभौम नाही. केल्सन हो म्हणाले. बहुतेक देश बहुतेक वेळा तो पाळतात. बलाढ्य देशाने मोडला की उपाय तोकडे पडतात. याहून लांब उत्तराची इथे गरज नाही.

हे सगळं प्रत्यक्ष कुठे पाहता येईल आणि वाचायला सुरुवात कुठून करावी?

न्यायालयाचं कामकाज, काही अपवाद सोडले तर, खुलं असतं. फाटकावर ओळखपत्र दाखवून प्रवेशपत्र घ्या आणि नागपूर खंडपीठात एखाद्या रिट याचिकेवरचा युक्तिवाद मागच्या बाकावर बसून ऐका. ‘या अधिकाऱ्याला हा अधिकार कोणत्या कलमाने आला’ हा प्रश्न न्यायमूर्ती कसा विचारतात, तेवढंच टिपून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर बऱ्याच निकालांचे मराठी अनुवाद मिळतात. सुरुवात न्या. खन्नांच्या १९७६ च्या भिन्न मतापासून करा, आणि बहुमताचा निकाल त्यानंतरच वाचा.